घाट उतरायची फी

चाचांना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "खर्च कोनाचा?" लग्नाला या म्हटलं तरी हाच, डॉक्टरला दाखवा म्हटलं तरी हाच. एकदा आई सहज म्हणाली, "चाचा, केस काळे करा ना, तरणे दिसाल." चाचा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "करतो ना वैनी. खर्च कोनाचा?" आईनं पुन्हा त्यांच्या केसांचं नाव काढलं नाही. या प्रश्नात लाचारी मात्र अजिबात नसायची. समोरचा नुसते फुकटचे सल्ले वाटतोय की खरंच मनापासून बोलतोय, हे त्यांना तेवढ्यात कळायचं.

चाचा आमच्या टँकरचे ड्रायव्हर. अकोल्यात बाबांचे दोन ट्रक आणि एक टँकर होता. ती वर्षं सगळ्या वऱ्हाडालाच वाईट गेली. कापूस हाती आला तर भाव नाही आणि भाव आला तर बोंडं नाहीत. जिनिंगा थंडावल्या तशी गाठी आणि सरकी वाहणाऱ्या ट्रकांना काम मिळेना. आमचे दोन्ही ट्रक आवारात उभे राहून त्यांच्या चाकांखाली गवत वाढलं. चालू होता तो एकटा टँकर. रेशनचं रॉकेल घेऊन परतवाड्यावरून मेळघाटात शिरायचं, घाट पार करून धारणीला रिकामं व्हायचं आणि परत यायचं. आमचं घर आणि चाचांचं घर, दोन्ही त्याच्यावर चालायची.

अशातच आरटीओचा नियम कडक झाला. पेटणारा माल वाहणाऱ्या ड्रायव्हरनं ट्रेनिंग घेतलंच पाहिजे, नाही तर लायसनवर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर टँकर नाही. बाबांनी लगेच एक एजंट गाठला. ड्रायव्हरनं घरी बसायचं, सर्टिफिकेट एजंट आणून देणार. बाबा खूश होते. चाचांनी एका वाक्यात त्यांचा आनंद घालवला.

"कागद खिशात असला म्हनून ब्रेक लागत नाई भाऊ. जिंदगीभर राकेल वाहून राहिलो, थे काहून पेटते हे एकडाव कोनी सांगत असन त सांगू द्या. मी शाळेत बसतो."

"बसा की," बाबा म्हणाले.

"फी तुमची. अन् जितके दिवस शाळा, तितक्या दिवसाचा रोज अन् भत्ताबी तुमचा."

बाबा उसळले. "वा! लायसन तुमच्या नावाचं चाचा. उद्या तुमी दुसऱ्याकडं गेले त माह्यं काय राहिलं?"

"अन् टँकर कोनाच्या नावाचा हाय?"

बाबांनी दुसरा ड्रायव्हर पाहण्याची धमकी दिली. चाचांनी किल्ली टेबलावर ठेवली, सलाम केला आणि चालू पडले. घरात दोन मुलींची लग्नं व्हायची होती, दुसरीकडं काम मिळण्याची शाश्वती नव्हती, तरी माणूस मागं वळून पाहीना. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. म्हातारपणी एवढा ताठा कशाला, असं मी बोललेही. शेवटी आई वैतागली. "त्यायचा हट्ट हाय, तुमचाबी हाय, अन् टँकर अंगणात सुकून राहिला," ती म्हणाली. मग बाबांनी किल्ली चाचांच्या घरी पाठवली, सोबत फी आणि भत्ता.

अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ही शाळा भरायची. चाचा इस्त्रीचा सदरा घालून रोज अमरावतीची एसटी पकडायचे. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या पोरसवदा साहेबानं वर्गाला विचारलं, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कोण सोडतं? सगळे खाली पाहू लागले. हात एकट्या चाचांनी वर केला. "समदेच सोडते साहेब," ते म्हणाले, "म्या फक्त हात वर केला."

खरं तर हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. मालक फेरीला मोजून डिझेल द्यायचा, आणि त्यातून जे वाचेल ते ड्रायव्हरचं. म्हणून उतार दिसला की गाडी न्यूट्रल, कधी तर इंजिनसुद्धा बंद. मालकाला हे माहीत असायचं, म्हणून तो डिझेल आधीच बेतानं द्यायचा. दोघांनाही आपण फार हुशार आहोत असं वाटायचं. त्या साहेबानं समजावलं की न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापता तापता लागेनासे होतात. मागं टाकीत तेल डुचमळत असेल तर विचारूच नका.

त्या संध्याकाळी चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा निवला. मग मला म्हणाले, "बाई, इतके वर्स मले वाटे का घाट मी उतरून राहिलो. उतरवून त अल्ला राहिला होता."

त्यानंतर चाचांनी न्यूट्रल सोडलं ते कायमचं. बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'मास्तर' म्हणून चिडवू लागले. चिडवण्याचं काही नाही, पण डिझेल पुरेना. परतीला परतवाड्यात खिशातून भरावं लागायचं. चाचा पुन्हा बाबांसमोर उभे.

"फी दिली, भत्ता दिला, आता डिझेलबी वाढवू?" बाबा म्हणाले.

"फी त एकदाच लागली भाऊ. शिकलेल्याचा खर्च रोज लागते."

बाबांना ते पटलं नाही. खरं-खोटं पाहायला ते स्वतः टँकरमध्ये जाऊन बसले. सगळा घाट चाचांनी टँकर दुसऱ्या गियरमध्ये उतरवला आणि सगळा घाट बाबा कुरकुरत राहिले. खाली आल्यावर चाचांनी गाडी बाजूला घेतली आणि बाबांना चाकाजवळ हात धरायला लावला. थोडी ऊब होती, इतकंच. मागून एक ट्रक रिवाजाप्रमाणं न्यूट्रलमध्ये उतरून तिथंच चहाला थांबला. चाचांनी बाटलीतलं पाणी त्याच्या चाकावर शिंपडलं. तापल्या तव्यावर पडावं तसं ते चरचरलं. पुढच्या फेरीपासून डिझेल वाढलं.

आणि मग बाबांना ज्याची भीती होती तेच झालं. शिक्केवाले, शिकलेले ड्रायव्हर हवे म्हणून एका मोठ्या टँकरवाल्यानं चाचांना जास्त पगारावर बोलावलं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चाचा निरोप घ्यायला आले तेव्हा बाबा पेपरातून डोकं वर काढेनात. अखेर बोललेच, "माह्या पैशानं शिकले अन् लोकाची गाडी चालवता."

"होय भाऊ," चाचा शांतपणे म्हणाले. "पन घाट तोच हाय. तुमची गाडी पुढं असन अन् मागून मी येईन, तवा तुमच्या ड्रायव्हरले आरशात पाहून घाम नाई फुटनार."

बाबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण त्याच महिन्यात आमच्या उरलेल्या ड्रायव्हरांना भत्त्यासकट त्या शाळेत पाठवलं. कोणी मागितलं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी चाचा गेले ते अगदी अचानक, घरीच, दुपारच्या झोपेत. बाबा आणि मी गेलो. मी आत चाचीजवळ बसले. चाची माझा हात सोडेना, आणि मलाही रडू आवरेना. बाबा मातीला कब्रस्तानात गेले. येताना गाडी मी चालवत होते. बाबा म्हणाले की खांदा द्यायला सगळे ड्रायव्हरच होते, निम्म्यांना आपण ओळखतही नाही. एक जण जवळ येऊन म्हणाला, मास्तरनं मले गियरमधे उतरायले शिकवलं.

"कोणाकडे आहे तो?" मी विचारलं.

बाबांनी एका मालकाचं नाव सांगितलं. कमी दरात आमचं भाडं तोडणारा, बाबा ज्याचं तोंडही पाहत नसत असा तो माणूस. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"त्याच्या गाडीवर हाय," ते म्हणाले, "पन पोरगा आपला हाय."