काळीवरची खोली

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी आमच्या घरी दोन गोष्टी नव्या झाल्या. माझ्या पोटी पहिलं लेकरू आणि मागच्या अंगाला एक खोली. भातकुलीकडचं आमचं गाव. घरं पांढरीवर आणि शेतं काळीत ही जुनी रीत, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसून तडकते आणि पावसाळ्यात फुगते. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पांढरीवर जागा उरली नव्हती आणि हातात पैसा खुळखुळत होता. सासऱ्यांनी काळीवरच भिंती उठवल्या.

वैशाखात माझ्या बाजेशेजारच्या भिंतीला भेग पडली. आत हात जाईल एवढी. मी तिच्याकडे पाठ करून कधी निजले नाही. विंचू निघेल, साप निघेल, नाहीतर भिंतच अंगावर येईल, असं वाटायचं. अशी भेग एरवी कोणी बुजवत नाही. पावसाळ्यात माती फुगली की ती आपली आपण मिटते. पण ज्येष्ठात मी बाळंत झाले आणि सासूबाईंना वाऱ्याची धास्ती बसली. त्यांनी बाहेरून भेगेत पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कापूसझाडांच्या, काड्या ठोकून ठोकून भरल्या आणि वरून शेणमातीनं लिंपलं.

आषाढात झड लागली. माती फुगली, पण काड्यांमुळे भेगेला मिटता येईना. मग भिंतीनं सगळा जोर चौकटीवर काढला. दार रोज थोडं जास्त घासायचं आणि नवरा रोज त्याची कड वाकसानं तासायचा. मी म्हटलं, मला पुढच्या घरात निजू द्या. बाळंतिणीचं कोण ऐकतं!

त्या दुपारी नवरा शेतात होता, सासरे अमरावतीला. माझं न्हाणं झालं होतं, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी आणि वारा नको म्हणून दार लावलेलं. चौकट एकदम करकरली, वरून मातीचा लपका पडला. मी दार ओढलं तर ते हलेना. मी सासूबाईंना हाक मारली.

"आत्याबाई, दार निघून नाही राहिलं."

"कावून? जोरानं ओढ नं."

"ओढूनच राहिली मी."

बाहेरून त्यांनी खांदा लावला. काही झालं नाही. खोलीला खिडकी नव्हती. धूर खाली उतरत होता आणि माझी पाचावर धारण बसली.

"शेगडीवर राख टाक," त्या म्हणाल्या. "पोरीले घेऊन खाली बस. मी मागून येतो."

मी राख टाकली. मुलगी आधी रडत होती, मग खोकली, मग गप्प झाली. तिच्या गप्प होण्यानं मी जेवढी भ्याले तेवढी पुढे कशानंच भ्याले नाही. मी तिला हलवत होते. भिंतीपलीकडे खरवडल्याचा आवाज येत होता. काड्या भिजून घट्ट बसल्या होत्या. सासूबाई एकेक उपसत होत्या आणि देवाला शिव्या देत होत्या.

शेवटी बोटभर उजेड दिसला.

"तिचं तोंड इकडं धर. भोकाले लाव."

मी लावलं. पावसाचा गार वारा थेट तिच्या तोंडावर आला. ती तशीच निपचित. मग शिंकली आणि टाहो फोडला. भिंतीपलीकडे सासूबाईही रडायला लागल्या. "रडू दे तिले," म्हणत राहिल्या, "उगी नको करू."

संध्याकाळी नवऱ्यानं दार फोडून आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो नवी फळी बसवायला निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दार नको. पोतं टांग." काड्यांनी सोललेल्या तळव्यांना त्यांनी हळद लावली होती.

माझी पुढची सगळी बाळंतपणं त्याच खोलीत झाली, दारात पोतं टांगून. वारा यायचा. लेकरू निजलं की सासूबाई पोत्याबाहेर येऊन बसायच्या आणि ते उठून रडेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.