शंभर तयार सर्किट

मला सर्किट डिझाइन शिकायचं होतं, मतलब स्वतःच्या डोक्याने! जसोंडीला आमच्या केळीच्या बागेतल्या पंपाची मोटर कमी व्होल्टेजमुळे दोनदा जळालेली, तिच्यासाठी व्होल्टेज पडलं की मोटर आपोआप बंद करणारा कटऑफ बनवायचा होता. बुऱ्हाणपूरच्या दुकानात दोनच पुस्तकं निघाली. एक बारीक, प्रत्येक पार्ट कशासाठी ते समजावणारं. दुसरं जाडजूड, शंभर तयार सर्किटांचं! मी जाडंच उचललं. घरी आईने पहिल्या पानावर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नवीन पुस्तकावर आमच्याकडे काढतातच.

कटऑफचं सर्किट मिळालं पण, यार! फक्त त्यातला एक ट्रान्झिस्टर बाजारात कुठंच नव्हता. त्याच्या जागी काय चालेल, यावर पुस्तकात एक ओळ नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायला गेले. दुकानदार काकांनी पहिलं पान उघडलं.

"बेटा, पूजा झालेलं पुस्तक आता मी कोणाला विकू?"

"मग ते बारीकवालं तरी द्या ना, काका."

"ते काल सायंकाळीच गेलं. एकच होतं."

शेवटी अंदाजाने दुसराच ट्रान्झिस्टर लावला. व्होल्टेज पडलं तरी मोटरची लाइन तोडणारा रिले हललाच नाही. बाबा बघत उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले, "मोटर जळाली की वाइंडिंग भरून आणू, नेहमीसारखी."