न्हाई म्हणायचं बटन

"ह्यात न्हाई म्हणायचं बटन कुटं हाय?"

कॉम्प्युटरवर नवा खेळ चढवला की आमच्या घरमालकांचा पहिला प्रश्न हाच. डोक्यावरची टोपी काढून मॉनिटरवर ठेवायची, खुर्ची पुढं ओढायची आणि विचारायचं.

भाड्यापेक्षा भाडेकरूच्या सामानात जास्त रस असलेला घरमालक तुम्हीही पाहिला असेल. मी परभणीहून हिंजवडीत नोकरीला आलो आणि शेजारच्या माण गावात त्यांच्या एका खोलीत राहू लागलो. गाव त्यांना आण्णा म्हणायचं, म्हणून मीही. मी मात्र त्यांच्या लेखी कायम 'पाव्हणं'च राहिलो.

खेळ असा: गाव वसवायचं, त्याचं राज्य करायचं, शेजारच्या राजांना तोंड द्यायचं. एक चाल आपली, एक त्यांची. त्याचे एकामागून एक भाग निघायचे. माझ्याकडं दुसरा होता. रविवारी सकाळी मी खेळायचो, आण्णा शेजारी बसायचे. महिन्याभरात ते खेळू लागले आणि शेजारी बसायची पाळी माझ्यावर आली.

दुसऱ्या भागातला राजा तोंडावर खंडणी मागायचा. नाही म्हणायची सोय होती. आण्णा ती कळ अशी दाबायचे की टेबल हलायचं. "गडी सरळ हाय," ते म्हणायचे. "मागतो, न्हाई म्हनलं की भांडतो. आपल्याला कळतं तरी."

तिसऱ्या भागात राज्याची हद्द रंगीत रेघेनं दिसू लागली. आण्णा खूश. संध्याकाळी ते स्वतः आपल्या विहिरीच्या रानाचे बांध फिरून यायचे, तसा खेळातही एक घोडेस्वार त्यांनी शिवेवर फिरता ठेवला. एका रविवारी शेजारचा राजा पडद्यावर आला. त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगितलं, "तुमचा घोडेस्वार आमच्या हद्दीत उभा आहे. बाहेर काढा."

"घोडा हललाच न्हाई," आण्णा म्हणाले. "हद्द हलली."

खरंच होतं. या भागात शेजारचं नगर झगमगीत झालं की रेघ आपोआप सरकायची. थोड्याच वेळात आण्णांचं नदीकाठचं नगर लढाईवाचून तिकडं गेलं. लोकांना तिकडं बरं वाटलं, एवढंच. नगर राखायला आत ठेवलेली सगळी फौजही गडप झाली. आण्णांनी पडदा वरपासून खालपर्यंत धुंडाळला.

"आण्णा, ह्याला नाही म्हणता येत नाही," मी म्हणालो.

ते टोपी घेऊन उठले. त्यांचा चहा तसाच राहिला.

चौथा भाग त्यांना मानवला. "हितं गाव जायच्या आधी कुरबुर तरी करतं. आपल्याला हातपाय हलवाय येळ मिळतो. तिसरा लई मुका." मी म्हणायचो, मग चौथाच खेळू. दोन रविवार खेळायचे आणि पुन्हा तिसरा लावायला सांगायचे. "खरा त्योच हाय, पाव्हणं."

एव्हाना विहिरीवरून काचेच्या इमारती दिसू लागल्या होत्या. दर पावसाळ्यानंतर एखादी जवळ आलेली असायची. त्यांतल्याच एकीत मी दिवसभर बसायचो. आण्णा त्यावरून मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढं भांडणं नकोत म्हणून त्यांनी जिवंतपणीच वाटण्या केल्या. विहिरीचं रान दोघा मुलांच्या नावावर केलं. "उद्या कोन आला तर म्हाताऱ्याला गुंडाळंल. पोरं तरनी हायेत, ती राखतील." मला ते नदीकाठचं नगर आणि आत ठेवलेली फौज आठवली.

मुलं वाईट नव्हती. कंपन्यांना गाड्या पुरवायची, जवळच मारुंजीत फ्लॅट बघून ठेवला होता, म्हाताऱ्याला लिफ्टच्या घरात न्यायचं म्हणायची. थोरला एकदा जेवताना म्हणाला, "आण्णा, आता न्हाई म्हनू नका. सह्या झाल्यात." घरात आवाज चढला नाही. भिंतीपलीकडून मला फक्त ताटं उचलल्याचा आवाज आला.

रानाभोवती बिल्डरचे पत्रे लागले. तरी आण्णा संध्याकाळी जायचेच. एकदा मी सोबत होतो. पत्र्याच्या फटीतून ते आत गेले आणि विहिरीपाशी नेहमीच्या जागी उभे राहिले. लांबून वॉचमन पळत आला. परमुलखातला पोरगेला माणूस, त्याचा काय दोष!

"बाबा, बाहर निकलो. यहाँ खड़े नहीं रह सकते."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं, तिसरा भाग," म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. मी त्यांना हात धरून बाहेर आणलं. एवढा हलका हात मी कधी धरला नव्हता.

त्याच थंडीत, मारुंजीच्या फ्लॅटमध्ये, आण्णा गेले.

पाचवा भाग दोन हजार दहात आला. माझा मॉनिटर आता चपटा होता, त्यावर टोपी राहिली नसती. खेळातले चौकोन जाऊन षटकोन आले होते. मी नदीकाठी नगर वसवलं. या भागात भोवतालची जमीन तुकड्या-तुकड्यानं विकत मिळत होती. प्रत्येक तुकड्यावर त्याची किंमत लिहिलेली होती.

आण्णांच्या सवयीनं मी पडदा वरपासून खालपर्यंत धुंडाळला. घ्यायचं बटन होतं. दुसरं मला सापडलं नाही.