टोपलीत, जाळ्यात, पाण्यात

कासमचाचा "येतो" असं कधी म्हणत नसत. जेवायला बोलवा, मीटिंगला बोलवा, शुक्रवारी जुबैलच्या बाजाराला जाणाऱ्या बसमध्ये जागा धरू का विचारा, उत्तर एकच: "आलो की मोज." बाकी सगळा कॅम्प "इन्शाअल्लाह" म्हणून मोकळा व्हायचा. कासमचाचा पाच वेळचे नमाजी, पण टाळायचं असताना तो शब्द त्यांनी कधी वापरला नाही. "अल्लाचं नाव घेऊन टाळाटाळ कशाला?" असं म्हणत.

माझं काम याद्यांचं. सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्लांट आहे. वर्षातून एकदा त्याचा एकेक भाग बंद ठेवून दुरुस्ती होते. त्या शटडाऊनमध्ये कोणता माणूस कोणत्या तासाला कुठे असेल, हे मी ठरवतो. माझ्या पहिल्याच बैठकीत मी सगळ्या सुपरवायझरना विचारलं, पहिल्या दिवशी किती माणसं देणार? कुणी तीस सांगितली, कुणी चाळीस. समुद्राचं पाणी आत घेतात त्या भागाचे, म्हणजे इनटेकचे सुपरवायझर कोपऱ्यात बसले होते. खुरटी पांढरी दाढी, उन्हाने रापलेले हात. माझ्या वहीवरचं मराठी त्यांनी वाचलं असावं. "आले की मोजा," ते मराठीत म्हणाले.

मला राग आला. मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर अकराचा आकडा लिहून दिला. पहिल्या दिवशी सकाळी तीसवाल्याचे एकोणीस आले, चाळीसवाल्याचे सव्वीस. इनटेकच्या फाटकाशी अकरा जण हेल्मेट घालून उभे होते. त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागलो.

ते हर्णैकडचे. बाप मच्छीमार, स्वतः मालवाहू बोटीवर इंजिनात. अशीच एक बोट उत्तर युरोपातल्या एका छोट्या देशाच्या बंदराला लागली आणि कासमचाचा तिथेच राहिले. मार्था नावाच्या मुलीशी लग्न केलं, तिच्या वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर वीस वर्षं काढली, त्या देशाचं नागरिकत्व घेतलं. मग युरोपीय संघाने कुणी किती मासळी पकडायची याचे हिस्से कमी करत नेले. एका वर्षी हिस्सा इतका उतरला की बोट भंगारात गेली. मार्था त्याआधीच वारली होती. चाचा इंजिनाच्या सर्टिफिकेटांवर सौदीला आले. "बोट गेली, पण खाऱ्या पाण्याचा वास सुटत नाय," ते म्हणत. इनटेकवर उभे राहून पाण्याच्या रंगावरून ते सांगत, "उद्या जेलीफिश." उद्या खरंच जाळ्या जेलीफिशने भरत.

त्या बंदरातल्या लोकांनी एक छोटा पक्ष काढला होता. मागणी एकच: संघातून बाहेर पडा आणि आपला समुद्र परत घ्या. ती मागणी बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. संघामुळे त्या देशाचं भलं झालं म्हणणारेही तिथे पुष्कळ होते, असं चाचाच सांगत. मी थक्क झालो ते वेगळ्याच गोष्टीने. या पक्षाच्या मतांचा हिशोब वाळवंटातल्या आमच्या कॅम्पमधून चालायचा.

दर शनिवारी सकाळी चाचा मेसच्या व्हरांड्यात फोन आणि वही घेऊन बसत. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, पण शुक्रवारी तिकडचे लोक कामावर असतात, म्हणून शनिवार. यादीत त्यांच्या किनाऱ्यावरची चारशे बारा नावं. एकेकाला फोन करून त्यांच्या भाषेत गप्पा मारायच्या आणि नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: टोपलीत, जाळ्यात, पाण्यात. शब्द मराठी, माणसं तिकडची.

"मत कुणाला देणार असं विचारता?" मी एकदा विचारलं.

"छे! तसं विचारलं की माणूस आपल्याला खूश करायला बघतो. मी विचारतो, त्या दिवशी बूथवर कसा जाणार? कोणाबरोबर? किती वाजता? वेळ सांगतो तो टोपलीत. 'बघू' म्हणतो तो जाळ्यात. हवेपाण्यावर बोलायला लागला की समजायचं, अजून पाण्यात हाय."

आमचा केरळचा ऑपरेटर बिजू त्यांची मजा करायचा. "चाचा, यूरोप छोड़नेवाली पार्टी, और उसका हिसाब अरबस्तान में बैठा हिंदुस्तानी रखता है!"

"वो लोग मछली पकड़ते हैं, मैं आदमी पकड़ता हूँ. यल्ला, जल्दी, चाय ला."

वहीची एक्सेल शीट मी करून दिली. यादी व्यवस्थित असली की मला बरं वाटतं. ही यादी तर सुंदर होती. पहिली ओळ त्यांची स्वतःची: कासम, टोपलीत. शीट करता करता त्यांचे डावपेचही समजत गेले. त्या देशात संसदेत शिरायचं तर देशभरातून ठराविक टक्के मतं मिळवावी लागतात, नाहीतर एका मतदारसंघातून एक थेट जागा. पक्षातले उत्साही लोक देशभर सभा घ्या म्हणत. चाचा म्हणत, "एवढ्या समुद्रात जाळं टाकायला आपली बोट केवढी? तीन बंदरं धरा. दारोदार फिरा. बाकी देश विसरा." पक्षाची अध्यक्ष इंग्रिड म्हणून जाळी विणणारी बाई होती. ती त्यांचं ऐकायची. मागच्या वेळच्या अनुभवावरून चाचांनी एक खूण ठरवली होती: या यादीत टोपली दोनशे साठच्या वर गेली, तर त्या किनाऱ्याची जागा येते.

मतदानाला महिना राहिला तेव्हा टोपली दोनशे एकतीसवर अडकली. त्याच शनिवारी इंग्रिडचा फोन आला. फोन ठेवून चाचांनी वही मिटली. मग मला म्हणाले, "नवा प्रचारप्रमुख आलाय, तरणाबांड. त्याला पोस्टर लावायचंय: 'बंदर आमचं, बाहेरच्यांचं नाय.'"

मासळीच्या कारखान्यात बाहेरच्या देशांतून आलेले कामगार होते, रोख त्यांच्यावर होता. पक्षाची कार्यकारिणी अडली होती आणि इंग्रिडने विचारलं होतं, पोस्टर लागलं तर टोपली किती भरेल? मोजून सांग.

"त्यांनी हे तुम्हाला सांगितलं? तुम्ही स्वतः बाहेरचे!"

"मोजणारा मीच हाय ना."

पुढचे दोन शनिवार सकाळपासून रात्रीपर्यंत बसून त्यांनी चारशे अकरा फोन केले. मी शेजारी बसून 'पोस्टर लागलं तर' असा नवा रकाना भरत होतो. भाषा मला कळत नव्हती, चेहरा कळत होता. एका फोननंतर मी विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, कासम, तुझं वेगळं, तू आमचा. पण ते कारखान्यातले नकोत. दहा वाजता जाणार, बायकोला घेऊन." आणि मला खुणेने सांगितलं: टोपलीत. पंधरा वर्षं ज्याच्यासोबत बोटीवर डबा खाल्ला त्याचं ते नाव होतं.

बेरीज मी केली. दोनशे चौऱ्याहत्तर. पोस्टर लावलं तर जागा येत होती.

मी व्यवहारी माणूस आहे. शीट समोर होती आणि उपाय सोपा दिसत होता. "चाचा," मी हळूच म्हणालो, "पंधरा नावं टोपलीतून जाळ्यात सरकवू. दोनशे एकोणसाठ होतील. पोस्टर बारगळेल. कोण तपासणार आहे?"

ते रागावले नाहीत. "प्लॅनिंगसाहेब, शटडाऊनला तुमी माणसं वाढवून लिहिता काय?"

"नाही."

"मग मी कमी करून कशी लिहू? इंग्रिडनं आकडा मागितला, माझं मन नाय मागितलं."

"पण तुम्हाला हे पोस्टर चालणार आहे?"

तेव्हा त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला. त्यांना तो नीट धरताही येत नसे. वर वर जात ते पहिल्या ओळीवर थांबले. पोस्टरच्या रकान्यात 'टोपलीत' पुसून त्यांनी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: पाण्यात.

"दोनशे त्र्याहत्तर," ते म्हणाले. "पाठव."

याद्या करण्यात माझं आयुष्य गेलं. पण आपल्याला नको असलेला आकडा खरा सांगून त्याच रकान्यातून स्वतःचं नाव वजा करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी मेलवर 'सेंड' दाबलं.

चार दिवसांनी इंग्रिडचा फोन आला. तिने कार्यकारिणीपुढे शीट तशीच ठेवली होती. पहिल्या ओळीचा अर्थ तिने लोकांना सांगितला. मत घेतलं, तेव्हा दोन मतांच्या फरकाने पोस्टर नामंजूर झालं. प्रचारप्रमुख त्याच दिवशी पक्ष सोडून गेला, जाताना काही तरुणांना घेऊन गेला. म्हणजे आता जागा येणार नाही हे नक्की होतं आणि ते सगळ्यात आधी चाचांना माहीत होतं.

तरी त्यांनी रजा टाकली. पासपोर्टवर बाहेर जाण्या-येण्याचा शिक्का घेतला, दोन विमानं बदलत जायचा रस्ता ठरवला.

"हरणार माहीत असताना एवढ्या लांब जाता?" मी विचारलं.

"दोनशे एकतीसमधला एक मी हाय. नाय गेलो तर आकडा खोटा पडेल."

मतदानाच्या संध्याकाळी बूथवरच्या कार्यकर्त्यांनी यादीतली आलेली नावं मोजली. दोनशे एकोणतीस. एक आजारी होता, एकीला बाळ झालं. जागा गेली. चाचांनी मला मेसेज केला: "बरोबर आला." त्यात दुःख किती आणि समाधान किती, मला सांगता येणार नाही.

तिकडेच त्यांना थंडीने धरलं. रजा वाढवली. ऑक्टोबरचा शटडाऊन तोंडावर आला तेव्हा मी फोन केला. "चाचा, तुम्हाला धरू ना? यादी द्यायचीय वर."

खोकला आला, मग हसू. "आलो की मोज."

मी त्यांना धरलं. इनटेक: अकरा.

शटडाऊनच्या आठवडाभर आधी इंग्रिडचा फोन आला. तिचं इंग्रजी तुटक, पण सांगणं सरळ होतं. सकाळी धक्क्यावर बसले होते, तिथेच गेले. गावात मशीद नाही. लिलावाच्या शेडमधली मासळीची खोकी हलवून जमीन धुतली, शहरातून इमाम आणला आणि तिथे जनाजाची नमाज झाली. मी विचारलं, किती लोक होते? माझ्या तोंडून दुसरा प्रश्न निघालाच नाही.

"मी दारात यादी घेऊन उभी होते," ती म्हणाली. "त्याने शिकवलं तसं. आलेलेच मोजले. तीनशे आठ. कारखान्यातले आले ते वेगळे, त्यांची नावं यादीत नाहीत."

"आणि तो? पोस्टरवाला?"

"आला. सगळ्यात मागे उभा होता."

तिने यादीचे फोटो पाठवले. मी शीटला एक नवा रकाना जोडला आणि शुक्रवारचा अख्खा दिवस बसून एकेक खूण भरली. पोस्टरच्या रकान्यात चाचांसारखेच 'पाण्यात' गेलेल्यांतल्या किती जणांपुढे बरोबरची खूण आली, ते मोजायचं मी दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं.

शटडाऊनच्या पहिल्या दिवशी सकाळी मी यादी घेऊन इनटेकच्या फाटकाशी गेलो. चाचांची माणसं हेल्मेट घालून ओळीने उभी होती, कुणी उशिरा आलं नव्हतं. बिजूने मोजलं, माझ्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा मोजलं.

"सर, एक कम है. आपने ग्यारह लिखा है."

"गलती मेरी है," मी म्हणालो. 'आलो की मोज' असं चाचांनी सांगूनही मी आधी मोजलं होतं. मी पेन काढलं आणि अकरा खोडून दहा लिहिलं.