हमायाकचा अर्धा गुण

आर्मेनियातल्या आमच्या ग्युमरी शहरातला हमायाक शाळेत बुद्धिबळ शिकवतो. वर्ग सुरू झाला त्याच दिवशी त्याने भिंतीवर रंगवून घेतलं, ‘बरोबरी मागतो तो भित्रा.’ स्वतः कधी मागितली नाही. समोरच्याने देऊ केली तर हसायचा. या ताठ्यापायी मास्टरची पदवी तीनदा अर्ध्या गुणाने हुकली. बायको अर्शालुइस म्हणते, "माझा हात मागायलाही आईला पुढे धाडलं होतं. हा आपला जिन्यात उभा."

यंदा स्पर्धेच्या शेवटच्या डावात पुन्हा बरोबरीचा अर्धाच गुण हवा होता. वय चौपन्न, पुढे संधी येईल असं त्यालाही वाटत नव्हतं. समोर त्याच्याच तोडीचा झावेन, शाळेपासूनचा मित्र. त्याला हमायाकने त्याच्याच मुलीच्या लग्नात चारचौघांत ‘बरोबरीवाला’ म्हणून चिडवलं होतं. पंच मी.

हमायाक हरत आला होता, तेवढ्यात त्याला वजिराचा शह सापडला. झावेनचा राजा दोनच घरांत फिरणार. शह, सरक. शह, सरक. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की पंचाला बोलावून बरोबरी मागायची, झालं. कोणीच मागितली नाही तर डाव चालूच. पाचव्यांदा आली तरच पंच आपणहून थांबवतो.

तिसऱ्यांदा आली. मी टेबलाशी जाऊन उभा राहिलो. हमायाक छताकडे बघत बसला.

"घशात काही अडकलंय का रे?" झावेन पुटपुटला.

"खेळताना बोलायचं नाही," मी दटावलं. मनात हमायाकला म्हटलं, मेल्या, फुटू दे की एकदा तोंडातून शब्द.

चौथ्यांदा आली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला असा राग आला की पट उचलून आपटावा.

पाचव्यांदा मी घड्याळ थांबवलं. "बरोबरी."

"मी मागितली नव्हती हं," हमायाक म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलं बाबा. मलाही मागता आली असती," झावेन म्हणाला. "पण तुझ्या तोंडून एकदा ऐकायची होती."

आता कागदावर दोघांनी आपापल्या हाताने निकाल लिहून सही करायची. झावेनने अर्धा लिहिला आणि उठला. हमायाकने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"माझा तू लिही ना रे," तो मला हळूच म्हणाला. "एवढं कर माझ्यासाठी."

तीस वर्षांत त्याला कोणाकडे काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लिहून टाकावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नियम म्हणजे नियम. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.