गंगापूरची जीप, खुलताबादची जिलेबी

गावातून परत आलो की आमच्या ऑफिसात आधी चहा होतो, मग काम. आणि चहा पिताना कोणी गप्प बसतं का? "आज काय झालं माहितीये," असं कुणीतरी सुरू करतं आणि कपातला चहा गार होतो. गावातली नाती, शेती आणि खाणं यांवर आमचा अभ्यास चालतो. त्याचे जाडजूड अहवाल निघतात. पण चहाच्या वेळी जे निघतं त्याला अहवालात कुठलं प्रकरण द्यायचं, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. त्यामुळे ते आमच्याकडेच साठत गेलंय.

आम्ही तिघं. कुलकर्णी मॅडम आमच्या प्रमुख. आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे काम काढलं. सुधाकर गंगापूरकडचा. घरी कपाशी आणि ऊस, पण हा छत्रपती संभाजीनगरला खोली करून नोकरी करणारा. आणि मी याच शहरातल्या पुंडलिकनगरात वाढलेली, ऊस सोडला तर दुसरं पीक लांबून ओळखता न येणारी.

अगदी सुरुवातीची गोष्ट. गंगापूरजवळच्या एका गावात आम्ही बायकांच्या मुलाखती घेत होतो. कोणतं बियाणं आणायचं, कुठं काय पेरायचं, हे घरात कोण ठरवतं, असा प्रश्न होता. मॅडम सुमनबाई नावाच्या बाईंसमोर ओट्यावर बसल्या. प्रश्न विचारला तोच आतून नवऱ्याचा आवाज आला, "तीच ठरवते. आमच्यात सगळं तिच्याच हातात हाय."

मॅडमचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "सुमनबाई, पुरुषाच्या तोंडून हे ऐकून फार बरं वाटलं बघा."

सुमनबाई ज्वारी पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वाटंलच की. सकाळपासून पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून."

एकदा आमची गाडी बिघडली आणि गंगापूरहून शेअर जीपनं परत यावं लागलं. दाटीवाटीनं बसलेले लोक, मांडीवर पिशव्या. मॅडम गप्प बसतील तर शपथ. त्यांनी शेजारच्या आजोबांना सहज विचारलं, "तुमच्या विहिरीला पाणी किती दिवस पुरतं हो?"

झालं. आजोबा बोलले, त्यांना मागचा माणूस "नाय नाय, तसं नाय" म्हणाला, पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बोअरवेल घेणाऱ्यांना नावं ठेवायला लागली. उसाला पाणी द्यावं का नाय, यावर जीपमध्ये सरळ दोन पक्ष पडले. मॅडम खूश. एवढी रंगलेली चर्चा आम्हाला सभा भरवूनही कधी मिळाली नव्हती.

मधेच एका फाट्यावर जीप थांबली ती थांबलीच. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, ह्यांची गावं कवाच मागं गेली, तरी कुणी उतरंना. तुम्ही तरी उतरा."

रविवारी सकाळी पुंडलिकनगरात मॅडम आणि मी भाजीबाजार भरवतो. ज्यांच्या शेतावर आम्ही जातो तेच लोक फवारणी न केलेली भाजी घेऊन येतात. खुलताबादच्या बाजूच्या गयाबाई वांगी आणतात. आमच्या गल्लीतले जोशीकाका एका रविवारी तावातावानं आले. "तुमच्या वांग्यात अळी निघाली."

"फवारणी नाय ना काका," गयाबाई म्हणाल्या. "मंग अळीला बी चव कळती."

काकांचं समाधान होईना. तेव्हा मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि सविस्तर समजावलं. अळीला जे खावंसं वाटतं ते आपल्यालाही खाण्यासारखं असतं, अळी दिसली की समजायचं माल खरा. काका मान डोलावत गेले. जाताना पुन्हा किलोभर वांगी घेतली.

पुढच्या रविवारी काका हजर. हातात पातेलं, पातेल्यात चिरलेली वांगी. "सगळी चिरून बघितली. एकातही अळी नाही. खरं सांगा, औषध मारलं ना?"

गयाबाईंनी पातेल्यात बघितलं, मग मॅडमकडे बघितलं. म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्हीच निस्तरा. मी तर वांगी नीट निवडून दिली होती."

खुलताबादजवळच्याच एका वस्तीवर आम्ही, कालच्या दिवसात घरातल्या प्रत्येकानं काय काय खाल्लं, हे विचारत होतो. बाबूराव नावाच्या आजोबांची मुलाखत सुधाकरकडे होती. त्यांना डायबेटीस. सून त्यांच्या खाण्यापिण्याचं फार कडक बघायची. सुधाकरनं नियमाप्रमाणे सांगितलं, "आजोबा, तुम्ही सांगाल ते आम्ही दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही."

"सुनंला बी नाय?"

"सुनेलाही नाही."

आजोबा सरकून जवळ बसले. "मंग ऐक. काल बाजारात गेलतो. जिलेबी खाल्ली. लई गरम होती. मंग आणखी खाल्ली."

सुधाकर बाहेर आला तर सून अंगणात धुणं वाळत घालत उभी. तिनं विचारलं, "काय म्हणले मामंजी? काय खाल्लं म्हणे काल?"

सुधाकर अडचणीत. खोटं बोलवेना, खरं सांगता येईना. "ताई, ते आम्हाला सांगता येत नाही, तसा नियम आहे."

"राहू द्या," ती म्हणाली, आणि दोरीवरचा सदरा झटकून त्याच्यापुढे धरला. "पाक धुतल्यानं निघंना अजून."

आता सुधाकरच्या लग्नाचं. तिशीला आलेला, शिकलेला, स्वभावानं सरळ, पण जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, हा शनिवार-रविवार घरी शेती करतो म्हटल्यावर चहा पिऊन जायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. असं इतकं झालं, की त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ठरवलं की शेतीचा विषय काढायचाच नाही.

एक स्थळ आलं तेव्हा अण्णांनी मॅडमना आणि मला सोबत घेतलं. मॅडम त्याच्या साहेब, त्यांनी नोकरीबद्दल चार शब्द बोलावेत, म्हणजे वजन पडेल. गाडीत अण्णा आम्हाला बजावत होते, "शहरातच ऱ्हातो म्हणायचं. शेतीचं नाव काढायचं नाय." जन्मभर शेती केलेला माणूस हे म्हणत होता. सुधाकर खिडकीबाहेर बघत राहिला.

मुलगी वैशाली. कृषीची पदवी घेतलेली, घरी रोपवाटिका चालवणारी. पोहे आले. मॅडमनी नोकरीचं कौतुक केलं. मुलीचे वडील माना डोलावत होते. वैशाली मात्र सुधाकरच्या हाताकडे बघत होती. तिनं विचारलं, "बोटाला काय झालं?"

"खुरपताना लागलं," सुधाकर बोलून गेला.

अण्णांना ठसका लागला.

"कुठं खुरपत होतात?"

सुधाकरनं अण्णांकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि मग सगळं सांगूनच टाकलं. विहिरीजवळचा एक तुकडा अण्णांनी त्याला दिलाय. त्यात तो ज्वारी, तूर, मूग, अंबाडी असं मिसळून पेरतो. फवारणी नाही. पहिल्या वर्षी गाव हसलं. यंदा तूर चांगली आली. बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. इतका वेळ बोलताना मी त्याला ऑफिसातही कधी ऐकलं नव्हतं.

मुलीचे वडील गडबडले. "पण आम्हाला तर नोकरी सांगितली होती."

"बाबा, मी आधीच म्हणलं होतं, मला नोकरीवाला नको," वैशाली म्हणाली. "मला शहरातल्या खोलीत नाय राहायचं, शेती करायचीय." मग सुधाकरकडे वळून तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला नोकरी सोडता येईल का?"

सुधाकर मॅडमकडे बघायला लागला. अण्णा मॅडमकडे बघायला लागले. मुलीकडचे सगळेच बघायला लागले.

मॅडमनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"सुधाकर," त्या म्हणाल्या, "सोमवारी येताना राजीनामा घेऊन ये."