अंगठ्याच्या जागी एक दांडी

चहाचा कप टेबलावर ठेवण्याआधी मावशी ती जागा हाताने झाडायची. करंगळीकडची तळहाताची कड, एकदाच, स्वतःपासून लांब. टेबल नुकतंच पुसलेलं असलं तरी. ताट ठेवतानाही तसंच, चष्मा ठेवतानाही तसंच. आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, ते लागायचं. घर दोघी मिळून चालवत होत्या, पण टेबल पुसायचं काम आईचं होतं.

"माझं टेबल घाण आहे का गं?"

"नाही."

"मग काय झाडतेस रोज?"

"काही नाही ताई. हात जातो."

"मग तुझ्या वर्कशॉपमधला ब्रशच आण एकदा. हाताला कशाला त्रास?"

हा हात पूर्वी जात नव्हता. तो जायला लागला त्या वर्षी मावशी बावन्न वर्षांची होती आणि तिच्या हाताखालचे दोन लॉट लागोपाठ परत आले होते.

मावशी एका लहानशा वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर होती. पत्र्याचं छप्पर, उंचावरच्या काचा धुरकटलेल्या, खाली चार मशीनं. तिला तिथे सगळे मिलिंगबाई म्हणत. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला पैलवान म्हणत, कारण तो इतका काटकुळा होता की त्याच्या पट्ट्याला कमरेवर टिकायला जागा नव्हती. आणि भिंतीकडेला, जिथे उजेड सगळ्यात कमी, तिथे कानशीचं टेबल होतं. मशीनवरून उतरलेल्या ठोकळ्यांच्या कडा तिथे कानशीने घासून साफ करत. मशीनवरून उतरलेली माणसंही तिथेच बसत. ज्याची नजर गेली, ज्याचा हात थरथरायला लागला, तो एक दिवस त्या टेबलावर जायचा. तिथून मशीनवर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. तळहाताएवढा लोखंडी ठोकळा घ्यायचा, व्हाइसमध्ये पकडायचा आणि टोकापासून बत्तीस मिलिमीटरवर त्यात खाच पाडायची. व्हाइस म्हणजे दोन जाड जबडे. एक जागचा हलत नाही, दुसरा दांडा फिरवला की पुढे येऊन ठोकळा दाबतो. खाच पाडणारा कटर दरवेळी त्याच जागी उतरतो. म्हणजे ठोकळाही दरवेळी त्याच जागी बसायला हवा. दोनशे ठोकळे, दोनशे वेळा, आणि चूक चालेल ती केसाच्या जाडीहून कमी.

मावशी ते अंगठ्याने करायची. ठोकळ्याचं टोक जबड्याच्या कडेला आणायची आणि दोन्हींवरून अंगठा फिरवायची. कडा एका रेषेत आल्या की अंगठ्याला कळायचं. पंचवीस वर्षं कळत होतं. नवीन आलेल्यांना सुपरवायझर तिचा अंगठा दाखवायला घेऊन यायचा.

मग पहिला लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. बावीस ठोकळ्यांत खाच सरकलेली. दुसऱ्यात एकतीस. सुपरवायझर तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि रागावला की जास्त अदबीने बोलायचा.

"बाई, मशीन तेच, व्हाइस तोच, तुम्ही त्याच. मग बदललं काय, तेवढं मला समजावून सांगा."

"व्हाइसला स्टॉप हवा साहेब. टोकाला टेकायला काहीतरी. सरळ टेकवायचं, दाबायचं, झालं. दरवेळी मिळवत बसायला नको."

"पंचवीस वर्षं नाही लागला स्टॉप."

यावर मावशीकडे उत्तर होतं, पण ती ते देणार नव्हती. तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक बधिर झालं होतं. घरी हे आईला चिकटपट्टीमुळे कळलं. मावशी खोकं बंद करायला बसली होती आणि गुंडाळीवरचं पट्टीचं टोक शोधत होती. अंगठा गोल गोल फिरत राहिला, टोक सापडेना. एकदा, दोनदा, पाच वेळा. शेवटी तिने गुंडाळी भिंतीवर फेकली.

"अगं, कुठे आहे ते दिसतंय की," आई म्हणाली.

"मला दिसतंय ताई. लागत नाहीये."

खोकं आईने बंद केलं.

सुपरवायझरने ताकीद दिली ती सगळ्यांसमोर. "तिसरा लॉट पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाईल. तोही परत आला, तर बाई, आपण कानशीच्या टेबलाचा विचार करू. तिथे बसूनही काम होतं. आरामाचं आहे."

"आराम मी घरी करते," मावशी म्हणाली.

स्टॉप करायला तिच्याकडे जेवणाच्या सुट्ट्या होत्या, रोजचा अर्धा तास. पहिल्या दिवशी तिने क्लॅम्पने एक पट्टी जबड्याला आवळली. ती दहा ठोकळ्यांत सरकली. दुसऱ्या दिवशी जास्त जोरात आवळली, तर तेलकट जबड्यावरून ती पंधरा ठोकळ्यांत सरकली. जबड्याला भोक पाडून, आटे पाडून स्टॉप पक्का बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती परवानगी मागायला गेली.

"भोक? व्हाइसला?" सुपरवायझर खुर्चीत सरळ झाला. "बाई, व्हाइस कंपनीचा आहे. तुमच्या माहेरून आलेला नाही."

"माहेरून आला असता तर एव्हाना स्टॉप असता त्याला," मावशी म्हणाली आणि बाहेर आली. हे तिने आईला सांगितलं तेव्हा आई हसली, पण मावशी हसली नाही.

पुढचे दोन दिवस तिने जेवण जेवल्यासारखं केलं आणि व्हाइसकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी रागाच्या भरात तिने तो घासायला घेतला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. न हलणाऱ्या जबड्याच्या बाजूला हिरव्या रंगाचे तीन-चार थर होते आणि त्यावर तेलाचं काळं कीटण. कीटण निघालं, रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली एक वर्तुळ दिसलं. भोक होतं. बनवणाऱ्यानेच पाडून दिलेलं, आट्यांसकट, अगदी स्टॉप लावायच्याच जागी. पंचवीस वर्षं ते तिच्या हातापासून चार बोटांवर होतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी मन लावून त्यावर रंग फासत होतं.

"शाबास," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला, ते पैलवानाला कळलं नाही.

भोकात एक तुटका बोल्ट अडकलेला होता. तिच्याही आधी कुणीतरी इथे काहीतरी लावलं होतं, तोडलं होतं आणि गुपचूप रंगवून टाकलं होतं. त्या माणसाला शिव्या देत तिने तो काढायला घेतला. बारीक ड्रिल लावलं, ते तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. स्टोअरवाल्याने तिसरं देताना रजिस्टरवर सही घेतली आणि वर विचारलं, "बाई, खाता का काय?" मग तिने पंच घेतला आणि बोल्टच्या कडेला तिरका धरून हलके हलके उलट्या बाजूने ठोकत राहिली. एक सुट्टी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या सुट्टीला बोल्ट मोहरीएवढा हलला. घंटा झाली तेव्हा तो तिच्या तळहातावर होता, गंजलेला, दाताएवढा. तिने तो डब्यात टाकून घरी आणला आणि आईसमोर ठेवला.

"हे काय?"

"आठ दिवसांचं जेवण."

पुढचं काम तिच्या हातचं होतं. भंगाराच्या पेटीतून एक ठोकळा घेतला, त्यात दोन भोकं पाडली. एक जबड्याला आवळायला, दुसऱ्यातून बोटाएवढ्या जाडीची दांडी मागेपुढे सरकेल असं. वरून दांडी घट्ट करायला स्क्रू. दांडीचं टोक तिने सपाट केलं आणि तेलाच्या दगडावर घासत राहिली. इतकं घासायची गरज नव्हती. पण इतक्या दिवसांत तिच्या मनासारखं झालेलं तेच पहिलं काम होतं. टोकात वरचा दिवा दिसायला लागला.

"बाई, स्टॉप केलात का आरसा?" पैलवान वाकून म्हणाला. "मला भांग पाडून घेऊ द्या."

"आधी केस आण, मग भांग."

लॉट जायला चार दिवस राहिले होते. तिने स्टॉप लावला, जागा जुळवली, ठोकळा टेकवला, दाबला, खाच पाडली. मोजली. बरोबर. दुसरी बरोबर. सहा बरोबर आल्या. सातवी आठ शतांश मिलिमीटरने सरकलेली, केसाएवढी. आठवी बरोबर, नववी पुन्हा सरकलेली.

मावशीने मशीन बंद केलं. सगळे स्क्रू तपासले, एकही सैल नव्हता. दांडी घट्ट होती. व्हाइस जागचा हलला नव्हता. पुन्हा चालू केलं. चार बरोबर, एक सरकलेली. ज्या चुकीसाठी अंगठ्याला दोष दिला होता, तीच चूक अंगठा बाजूला ठेवूनही होत होती. आणि दरवेळी एकाच बाजूला, खाच टोकाच्या जवळ. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने चप्पल काढली ती एक इकडे, एक तिकडे, आणि तशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक ठोकळा टेकवला, दाबला आणि काही न करता परत सैल केला. दांडीच्या चकचकीत टोकावर कापलेल्या नखाएवढा लोखंडाचा एक कीस चिकटलेला होता. कटर थंड राहावा म्हणून मशीनवर सोडतात त्या पांढऱ्या पाण्याने तो तिथे बसला होता, ऐटीत. ठोकळा दांडीला टेकतच नव्हता, किसाला टेकत होता.

ही चूक नवशिक्याची होती. सपाट टोक म्हणजे किसाला बसायला पाट मांडून देणं. टोक गोल हवं. टेकेल तर एका बिंदूवर, आणि आलेला कीस घसरून पडेल. हे तिने स्वतः दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण पंचवीस वर्षं ठोकळा आणि जबडा यांच्या कडेवर तिचा अंगठा फिरत होता, आणि अंगठा मिळवण्याबरोबर झाडतही होता. ते त्याचं काम आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. दांडी झाडत नव्हती.

ती ग्राइंडरपाशी गेली आणि आरसा चाकाला लावला. पैलवान बघत होता. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"वाईट वाटतं ना बाई?"

"वाटायचंय काय त्यात? ब्रश दे तो."

तिसऱ्या लॉटमध्ये दोनशेपैकी दोनशे बरोबर आले. प्रत्येक ठोकळ्याआधी ब्रशचा एक फटका, मग टेकवणं, मग दाबणं. सुपरवायझरने स्टॉप हाताळून पाहिला, ठोकळा स्वतः टेकवून पाहिला आणि मनापासून खूश झाला.

"बघा, दोष व्हाइसचाच होता. आणि बाई, हे तर आता कुणीही करू शकेल!"

त्याने हे कौतुक म्हणून म्हटलं. पुढच्याच आठवड्यात त्याने तिच्या मशीनवर दुसरी पाळी सुरू केली आणि त्या पाळीला पैलवानाला लावलं. नवीन माणसांना अंगठा दाखवायला आणणं बंद झालं. कानशीच्या टेबलावर मात्र मावशी गेली नाही. निवृत्त होईपर्यंत आणखी सहा वर्षं ती त्याच मशीनवर होती, म्हणजे अर्ध्या दिवसापुरती. उरलेल्या अर्ध्या दिवसाचा कीस तिला रोज सकाळी स्टॉपवर, जबड्यांच्या मधे, पाण्याच्या पन्हळीत सापडायचा.

"तुला ब्रश दिसत नाही का रे?" पाळी बदलताना ती पैलवानाला विचारायची.

"हाताने झाडतो ना बाई."

"हाताने नको म्हणून किती वेळा सांगायचं? लागेल एक दिवस. ब्रश घे."

त्याला खरोखरच लागलं, दोन टाके पडले, आणि पट्टी बांधून तो परत हाताने झाडू लागला. मावशी घरी येऊन आईला हे सगळं रोज नव्याने सांगायची. आई म्हणायची, इतका राग तू कधी स्वतःच्या नवऱ्यावर काढला नव्हतास. मावशी म्हणायची, तो निदान हात धुवायचा.

तो तुटका बोल्ट शेवटपर्यंत स्वयंपाकघरातल्या खिडकीत होता. अंगठा तसाच राहिला. चिकटपट्टीचं टोक आई दुमडून ठेवायची, न सांगता.

निवृत्तीनंतर सातव्या वर्षी मावशी दवाखान्यात होती. खाटेशेजारी पत्र्याचं छोटं कपाट होतं, आणि त्यावर औषधाच्या गोळीचा चुरा सांडला होता. दुपारी आई पाण्याचा पेला घेऊन आली. पेला ठेवण्याआधी तिचा हात आपोआप त्या जागेवर फिरला. करंगळीकडची कड, एकदाच, स्वतःपासून लांब. मावशीने डोळे किलकिले करून ते पाहिलं.

"हाताने नको ताई," ती म्हणाली. "लागेल. ब्रश घे."